दुसऱ्या भांड्यातली बिअर आणि वरची मोकळी जागा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठ महिन्यांत घरी केलेल्या बिअरचे अकरा घाणे मी किण्वनाच्या पहिल्या बादलीतून कारबॉयमध्ये, म्हणजे अरुंद मानेच्या मोठ्या काचेच्या भांड्यात, हलवले. त्यांपैकी पहिले चार २३ लिटरच्या कारबॉयमध्ये गेले, कारण तो आधीपासून घरात होता. गाळ मागे ठेवून निघालेली बिअर मात्र जेमतेम १८ लिटर भरत असे आणि वरची पाच लिटर जागा हवेला आंदण दिल्यासारखी राहत असे. बाटल्या भरताना चव उत्तम लागली, त्यामुळे मी निर्धास्त होतो. सहाव्या आठवड्यात उघडलेल्या पेल एल या फिकट बिअरमधून मात्र हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या फुलांचा) वास जवळजवळ गेलेला होता, सोनेरी रंगावर तपकिरी झाक चढली होती आणि घोट गिळल्यावर मागे उरत होती ती ओल्या पुठ्ठ्याची चव.

पहिल्या बादलीत मोकळी जागा लागतेच, कारण फेस वर चढतो आणि जोरात चाललेले किण्वन तिथली हवा एअरलॉकमधून (बुचावरच्या पाणी भरलेल्या झडपेतून) स्वतःच बाहेर काढते. दुसऱ्या भांड्यात हे इंजिन बंद पडलेले असते, म्हणून तीच जागा तिथे घातक ठरते : अडकलेल्या हवेतला ऑक्सिजन बिअर शिळी करतो. हिशेब मांडला तेव्हा मीच चमकलो : २० अंश सेल्सिअसला एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, म्हणजे पाच लिटरमध्ये १,४०० मिलिग्रॅम, आणि तो सगळा १८ लिटर बिअरमध्ये मुरला तर लिटरमागे ७५ मिलिग्रॅमहून अधिक होतो. मोठे कारखाने हाच आकडा ०.१ मिलिग्रॅमच्या आत ठेवण्यासाठी धडपडतात. सगळा ऑक्सिजन बिअरमध्ये उतरत नाही आणि थोडा यीस्ट वापरून टाकते हे मान्य केले, तरी अंतर फारच मोठे आहे.

पाचव्या घाण्यापासून मी १९ लिटरचा कारबॉय घेतला आणि सुरुवातीलाच साडेवीस लिटर बिअर करू लागलो, जेणेकरून गाळ वजा जाता पातळी थेट अरुंद मानेत, बुचाच्या तीन-चार सेंटिमीटर खाली येते. तिथे बिअरचा उघडा पृष्ठभाग एखाद्या कपाच्या तोंडाएवढाच राहतो. कमी पडलेली जागा उकळून गार केलेल्या पाण्याने भरण्याचा मार्ग मी एकदाच वापरला. बिअर पातळ लागली. काचेच्या गोट्या टाकण्याचा सल्लाही बराच दिला जातो, पण १६ मिलिमीटरची गोटी जेमतेम दोन मिलिलिटर जागा अडवते, तेव्हा एका लिटरसाठी साडेचारशेहून अधिक गोट्या निर्जंतुक करून काचेच्या भांड्यात एकेक सोडत बसावे लागेल. हा उद्योग ज्याचा त्याने करावा.

भांड्यापेक्षाही मला अधिक छळले ते सायफनने, म्हणजे बिअर उतरवायच्या हातपंप लावलेल्या नळीने. नळी तळाला टेकवून, खळखळ न करता बिअर उतरवत असूनही पारदर्शक नळीतून बारीक बुडबुड्यांची माळ सतत धावताना दिसे, आणि बरेच दिवस मी तो बिअरमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड समजत होतो. प्रत्यक्षात पंपाच्या रबरी सीलमधून आणि नळीच्या सैल जोडातून बाहेरची हवा आत ओढली जात होती. जोडावर क्लिप आवळली, सीलच्या वर थोडे निर्जंतुक द्रावण ओतून ठेवले, आणि माळ थांबली. सगळ्या खटाटोपात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी ठरलेली दुरुस्ती हीच.

कार्बन डायऑक्साइड जड असल्यामुळे बिअरवर चादरीसारखा पसरून राहतो, या समजुतीवर मीही विसंबलो होतो. वायू एकमेकांत मिसळतात, त्यामुळे ती चादर टिकत नाही. आता मी कारबॉय निर्जंतुक द्रावणाने काठोकाठ भरतो आणि दोन भोकांच्या बुचातून ते सायफनने बाहेर काढत असतानाच सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड अगदी हलक्या हाताने आत सोडतो. काचेचे भांडे दाबासाठी बनवलेले नसते, म्हणून बाहेर जाण्याची वाट कधीही बंद ठेवू नये. सिलिंडर नसेल तर अंतिम ग्रॅव्हिटीच्या (किण्वन संपल्यावरच्या, पाण्याच्या तुलनेतल्या घनतेच्या) तीन-चार अंक आधी, म्हणजे १.०१२ वर थांबणारी बिअर १.०१६ च्या आसपास असताना हलवावी, किंवा ३० ग्रॅम साखर उकळून सोबत घालावी. तिच्यापासून सुमारे आठ लिटर वायू तयार होतो आणि जागे असलेले यीस्ट शिरलेल्या ऑक्सिजनचाही काही भाग खाऊन टाकते.

एक चूक सातव्या घाण्यात झाली. बिअर २ अंशांपर्यंत गार करायला ठेवली आणि एअरलॉकमधले बुडबुडे उलटे, आतल्या दिशेने जाताना पाहिले. गार होताना वरचा वायू आकसतो, शिवाय थंड बिअर अधिक कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेते, आणि पडलेली पोकळी बाहेरच्या हवेने भरून निघते. आता गार करण्याआधी एअरलॉकच्या जागी कार्बन डायऑक्साइडने भरलेला फॉइलचा फुगा लावतो.

एवढे सगळे करूनही साध्या एलसाठी मी कारबॉय वापरणे आता बंद केले आहे. दोन-तीन आठवडे पहिल्याच बादलीत गाळावर ठेवलेली बिअर तितकीच नितळ निघते आणि एक हस्तांतर वाचते. हॉप्सचा भर असलेली बिअर तर मी मुळीच हलवत नाही. फळे घातलेली किंवा काही महिने मुरवायची बिअर तेवढी काचेत जाते, कारण प्लॅस्टिकच्या बादलीतून ऑक्सिजन हळूहळू झिरपतो; मात्र फळे वर तरंगतात आणि किण्वन पुन्हा पेटते, म्हणून अशा वेळी सुरुवातीला मान मोकळी ठेवून, जोर ओसरल्यावरच ती भरावी लागते. अरुंद मानेतून फळांचा चोथा बाहेर काढायला मला पाऊण तास लागला, ही तक्रार मात्र कायम आहे.