फॉस्फोफिलाइट: स्फटिक अव्वल, विक्रेत्याचं वर्णन अपुरं

चार वर्षं शोधून अखेर फॉस्फोफिलाइट या दुर्मीळ खनिजाचा एक सुटा स्फटिक घेतला. ऑनलाइन, फोटो पाहूनच. लांबी जेमतेम ११ मिलिमीटर. लेबलवर बोलिव्हियातल्या पोटोसीचा सेरो रिको डोंगर. या खनिजाचं पहिलं वर्णन १९२० साली जर्मनीतल्या हागेनडॉर्फच्या नमुन्यांवरून झालं, पण संग्राहक जीव टाकतात ते पोटोसीच्या स्फटिकांवर. का, ते डबी उघडताक्षणी कळलं. उजेडाकडे धरला की फिकट निळसर हिरवा रंग आरपार भरून येतो. दोन स्फटिक जुळून वाढल्यामुळे टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच आहे. ती पाहण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. फोटोत रंग बराच गडद दाखवला होता. मला खरा रंगच जास्त आवडला, तरी फोटो खोटा तो खोटाच.

खरी तक्रार वेगळी आहे. दहा पट भिंगाखाली मधोमध एक बारीक रेघ दिसली. आधी वाटलं, आतली चीर असेल. यूव्ही (अतिनील) टॉर्च मारला तर तेवढी रेघच पांढुरकी चमकली, म्हणजे तिथे गोंद! वर्णनात मात्र 'अखंड' लिहिलेलं.

जोडलेला नमुना मला चालतो. मोह्स मापनश्रेणीवर (हिरा १०) कठिनता फक्त ३ ते ३.५, त्यात एका दिशेनं पानासारखे पापुद्रे सुटतात. नावातलं 'फिलॉन' म्हणजे ग्रीकमध्ये पानच. असा स्फटिक खाणीतून धड बाहेर येतो हेच नवल. (गाडीच्या पत्र्याला रंगाआधी जस्त-फॉस्फेटचा थर देतात, त्यात याच खनिजाचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात. मोठा, पारदर्शक स्फटिक मात्र फार दुर्मीळ.) पण जोड लपवणं मला मान्य नाही.

फोटो पाठवल्यावर विक्रेत्यानं वाद न घालता काही रक्कम परत केली. पॅकिंगही उत्तम होतं: नमुन्याच्या आकाराचा फोम कापलेला, कापूस नाही, त्यामुळे कडांना धागे अडकले नाहीत.

तुम्ही घेणार असाल तर दिवसाउजेडातला आणि यूव्हीखालचा असे दोन फोटो आधी मागा. अंगठीसाठी पैलू पाडलेला खडा शोधत असाल तर हे खनिज सोडाच, एका ठोक्यात दुभंगेल.

मी स्फटिक ठेवून घेतला. लेबलवर माझ्या हातानं एक ओळ वाढवली: 'मध्यभागी जोडलेला.'