लाँग रनला काय घ्यावं: जेल, खजूर की साखर-मिठाचं पाणी?

हाफ मॅरेथॉनची (सुमारे २१ किमी) तयारी सुरू केलीत आणि लाँग रनला, म्हणजे लांब पल्ल्याच्या सरावाला, नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर अर्ध्या वाटेत पोट ढवळायला लागतंय, तर आधी त्यामागचं कारण समजून घ्या. पळताना रक्त पायांच्या स्नायूंकडे आणि अंग गार ठेवायला त्वचेकडे वळतं. आतड्यांच्या वाट्याला थोडंच उरतं. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापत राहतं आणि शरीरातलं पाणी घटतं. म्हणून जानेवारीत निमूट पचलेलं मे महिन्यात उलटून येऊ शकतं.

तासाभराहून जास्त पळायचं तर वाटेत साखर लागतेच. साधारण ताशी ३० ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि सवय झाली की हळूहळू ६० पर्यंत जावं.

जेल म्हणजे पळताना पाकिटातून चोखायचा घट्ट गोड पाक. त्याचं एक पाकीट म्हणजे बहुतेक वेळा २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं. चावायचं नाही, चोथा नाही, मोजमाप सोपं. पण ते फार घट्ट असतं. पाण्याशिवाय घेतलं की आतडं स्वतःकडचं पाणी ओढून ते पातळ करतं, आणि मग मळमळ, मुरडा, शौचासाठी धावपळ. त्यामुळे प्रत्येक जेलवर चार-पाच मोठे घोट साधं पाणी हवंच. जेलवर गोड स्पोर्ट्स ड्रिंक पिणं ही तर दुप्पट चूक. कॅफीनवालं जेल काहींना थेट शौचाला पळवतं, हेही पाकिटावर वाचून घ्या.

खजूर मला मनापासून आवडतो, पण वेगात पळताना नाही. त्यात चोथा आहे, फ्रुक्टोज ही काहींना पळताना न पचणारी फळांतली साखर आहे, आणि धापा टाकत चावताना हवाही गिळली जाते. ठाण्यातल्या येऊरच्या चढावर मध्येमध्ये चालणार असाल तर दोन-तीन खजूर छान चालतात. शेंगदाण्याची चिक्की मात्र पळून आल्यावरच. त्यातली चरबी पोटात रेंगाळते.

अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ, हा तिसरा पर्याय. सहा टक्क्यांचं हे द्रावण पोटातून सहज पुढे सरकतं आणि पाण्याची सोयही त्यातच होते. अडचण एकच: बाटली वागवावी लागते. ओआरएस याच्या जागी धरू नका. त्यात लिटरला फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. क्षार भरून निघतात, ताकद मिळत नाही. जास्त ताकदीसाठी ते कमी पाण्यात घट्ट कालवणं तर अजिबात नको.

पोट नाजूक असेल आणि पहिलीच हाफ असेल, तर मी निःसंकोच साखर-मिठाचं पाणी सांगेन. वेळ गाठायची आहे आणि वाटेत पाण्याची टेबलं आहेत, तर जेल. दोन्हींपैकी जे घ्याल त्याचा सराव लाँग रनला करा. आतड्यालाही सवय लागते. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही नको.

पळण्याआधीचं खाणंही तितकंच महत्त्वाचं. पोहे उत्तम, पण दोन-तीन तास आधी. पहाटे पाचला निघणाऱ्याला ते जमणार कसं? त्याने अर्धा-पाऊण तास आधी पिकलेलं केळं खावं आणि आदल्या रात्री मोडाच्या उसळीऐवजी वरण-भात. दुधाच्या चहाने पोट बिघडत असेल तर तो परत आल्यावर घ्या.

तरीही कळ आलीच तर वेग उतरवा, चाला, गोड बंद करून साध्या पाण्याचे छोटे घोट घ्या. बरगडीखाली चमक भरली तर किंचित पुढे वाकून तिथे हाताने दाबा आणि श्वास सावकाश पूर्ण सोडा. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी पळण्याआधी घेऊ नका; आधीच रक्त कमी मिळणाऱ्या आतड्याला ती आणखी इजा करते. शौचातून रक्त पडलं, शौच काळी झाली, किंवा न पळताही जुलाब आणि वजन घटणं सुरू राहिलं, तर पळणं थांबवून डॉक्टरांकडे जा.