तड्यांच्या दिशा मोजल्या, आता पद्धत कोणती?

यवतेश्वरच्या घाटात बेसॉल्टमधल्या तड्यांचे स्ट्राइक (तड्याची आडवी रेघ उत्तरेशी करते तो कोन) मोजून वही भरली, आता एक्सेलमध्ये सरासरी काढायची? थांबा. एक तडा ५ अंशांवर, दुसरा १७५ वर. दोन्ही जवळपास उत्तर-दक्षिण, सरासरी मात्र ९०, म्हणजे चक्क पूर्व-पश्चिम! तड्याला शेंडा-बुडखा नसतो. १८० अंश फिरवला तरी तो तोच.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे कोन दुप्पट करायचे, सदिश बेरजेने (प्रत्येक कोन हा एक बाण मानून) सरासरी काढायची आणि उत्तर निम्मं करायचं. १० आणि ३५० ची सरासरी शून्य, निम्मं केलं तरी शून्य. झालं उत्तर-दक्षिण. नकाशावरच्या किंवा उपग्रहाच्या फोटोतल्या रेषाच हाताशी असतील तर एवढं पुरे. मात्र तड्यांचे दोन सारखेच संच एकमेकांना काटकोनात असले, की दुप्पट केल्यावर ते समोरासमोर येऊन एकमेकांना खातात. रोझ डायग्रामला (दिशांचा गोल आलेख) चार ठसठशीत पाकळ्या, आणि गणित म्हणतं दिशाच नाही! तिथे चौपट करायचं. म्हणून डायग्राम आधी काढा.

डिपही (तड्याचा उतार, आडव्यापासून अंशांत) मोजला असेल तर काम त्रिमितीचं. संख्याशास्त्रज्ञ फिशरची १९५३ ची पद्धत गाजलेली, पण ती लाव्ह्याच्या चुंबकत्वासारख्या, टोक असलेल्या दिशांसाठी. एका तड्याचा डिप उत्तरेकडे ८८, दुसऱ्याचा दक्षिणेकडे ८८, तर खालच्या गोलार्धात मांडलेले त्यांचे लंब (तड्याच्या पृष्ठाला काटकोनात असलेल्या रेषा) विरुद्ध दिशांना जातात आणि सरासरी थेट जमिनीत घुसते. माझा कौल ओरिएंटेशन मॅट्रिक्सला, म्हणजे सगळ्या लंबांच्या घटकांच्या गुणाकारांच्या सरासरीने बनलेल्या ३×३ सारणीला. लंब उलटा धरा की सुलटा, तिला फरक पडत नाही. तिच्या तीन आयगेनव्हॅल्यूंची (तीन काटकोनी दिशांना लंब किती एकवटले ते सांगणारे आकडे) बेरीज १. एकच मोठी असेल तर दिशा एकवटलेल्या, दोन मोठ्या असतील तर पट्ट्यात पसरलेल्या, तिन्ही १/३ च्या आसपास असतील तर विखुरलेल्या. काटकोनाचा सापळा मात्र इथेही आहे. परस्परांना काटकोनात असलेले तीन सारखे संच याच १/३ मागे लपतात. बिंगहॅमचं १९७४ चं वितरण याच मॅट्रिक्सवर उभं आहे. एमएस्सीच्या प्रबंधाला ते बहुधा लागत नाही.

स्फटिकांचं प्रकरण वेगळं. ऑलिव्हिन ४ प्रकारे फिरवला तरी तसाच दिसतो, मॅग्नेटाइट तर २४ प्रकारे. अर्नोल्ड, जुप आणि शेबेन यांनी २०१८ मध्ये अशाच सममितीसाठी पद्धती मांडल्या. रोजच्या कामाला एमटेक्स हे सॉफ्टवेअर बरं. पण त्यासाठी इबीएसडीसारखा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या स्फटिकांच्या दिशांचा) डेटा लागतो, ब्रन्टन या भूशास्त्रीय कंपासवर भरलेल्या वहीचं ते काम नाही.