आईचे गुडघे आणि मागची सीट: एसयूव्ही की सेडान?

साताऱ्यात गाडी बघायला निघालो तेव्हा घरात पहिला प्रश्न एकच होता: आई आत बसणार कशी? सेडानमध्ये तिला दाराची कड धरून खाली वाकावं लागतं, उतरताना कुणीतरी हात द्यावा लागतो. एसयूव्हीची सीट उंच. ती नुसती टेकते आणि एकेक पाय आत घेते. गुडघेदुखीच्या घरात निम्मा निकाल इथेच लागतो.

पण उंच गाडी म्हणजे आत जास्त जागा, हा समज खरा नाही. ह्युंदाईच्याच दोन गाड्या घ्या: क्रेटा ही एसयूव्ही आणि व्हर्ना ही सेडान. क्रेटाचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २६१० मिमी, व्हर्नाचा २६७०. डिकी क्रेटाची ४३३ लिटर, व्हर्नाची ५२८. डोक्यावरची मोकळीक मात्र एसयूव्हीत जास्त जाणवते.

कासच्या वाटेवर यवतेश्वर घाटाच्या वळणांवर उंच गाडी जास्त कलते, मागच्यांना मळमळतं. तिथे सेडान जमिनीला धरून चालते. महामार्गाने पुण्याला जाताना तर सेडानच्या मागच्या सीटवर छान डोळा लागतो.

आम्ही तरी एसयूव्हीच घेतोय. कासला जाताना गाडी सावकाश चालवू, आईला रोज वाकायला लावणं नको.