घरच्या बटर बिस्किटांसाठी स्ट्रॉबेरीची फ्रीझ ड्राइड पावडर घ्यावी का?

घ्यावी. महाग आहे, तरी घ्यावी. फक्त पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचून घ्यावी आणि लहान पाकीट घ्यावं. का, ते सविस्तर सांगते.

मी साताऱ्याची, त्यामुळे स्ट्रॉबेरीचं अप्रूप असं नाही. थंडी सुरू झाली की पाचगणी, भिलारकडून माल उतरतो आणि मार्चपर्यंत घरात खोकी येतच असतात. जॅम होतो, क्रश होतो, उरलेली फ्रीझरमध्ये जाते. पण या फळाची चव बटर बिस्किटात उतरवायची म्हटलं की सगळं अडतं. कारण ताज्या स्ट्रॉबेरीत जवळपास ९० टक्के पाणी असतं आणि बटर बिस्किटाला पाण्याचं वावडं आहे. मैद्याला पाणी लागलं की त्यात ग्लुटेन तयार होतं, म्हणजे पोळीच्या कणकेसारखा चिवटपणा येतो. बिस्किटात बटर मैद्याच्या कणांवर लेप धरतं आणि तो चिवटपणा येऊ देत नाही, म्हणून ते तोंडात विरघळतं. आमच्या जाऊबाईंनी ताज्या फळाचा गर घालून बिस्किटं केली होती. चव छान होती, पण ती बिस्किटं नव्हती, चपटे केक होते. १०० ग्रॅम गर घातला की ९० ग्रॅम पाणी घातलं, एवढा साधा हिशोब आहे.

मग लोक इसेन्सकडे वळतात. माझं स्पष्ट मत आहे की इसेन्सने फळाची चव येत नाही, नुसता वास येतो. डबा उघडताना घर दरवळतं, पण घास घेतल्यावर जिभेला काहीच कळत नाही, कारण त्यात आंबटपणा नसतो. बटर आणि साखर दोन्ही जड चवी आहेत. त्यांना कापणारं आंबट काहीतरी हवंच. स्ट्रॉबेरीचं सगळं मोठेपण त्या आंबटात आहे, नुसता गुलाबी रंग आणि सुवास काय कामाचे?

फ्रीझ ड्राइड पावडर नेमकी इथे कामाला येते. फळ आधी कडक गोठवतात, मग निर्वातात ठेवतात. त्यातल्या बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते आणि ती बाहेर काढून घेतात. शाळेत संप्लवन शिकवताना आम्ही कापूर आणि नॅप्थलीनच्या गोळ्या दाखवायचो, तीच ही क्रिया. उष्णता फारशी लागत नसल्याने रंग, वास, आंबटपणा बराचसा जागेवर राहतो. उन्हात वाळवलेली किंवा पाकातली स्ट्रॉबेरी तपकिरी आणि चिवट होते, तसं इथे होत नाही. साधारण दहा किलो फळातून एक किलोच्या आसपास सुका माल निघतो, तेव्हा किमतीबद्दल मी तक्रार करणार नाही. मी घेतलेलं ५० ग्रॅमचं पाकीट चारशेच्या आसपास पडलं.

खरेदी करताना मात्र डोळे उघडे हवेत. ‘स्ट्रॉबेरी पावडर’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकीच्या घटकांत फक्त ‘स्ट्रॉबेरी’ असं लिहिलेलं असतं. दुसरीत माल्टोडेक्स्ट्रिन (म्हणजे स्टार्चपासून केलेली पांढरी पूड), साखर, कधी रंग आणि वरून लावलेला सुवास. ही दुसरी बहुधा स्प्रे ड्राइड असते. फळांचा रस गोड असल्याने गरम हवेत फवारून वाळवताना यंत्राला चिकटतो, म्हणून त्यात माल्टोडेक्स्ट्रिन मिसळावं लागतं. मिल्कशेकला ती चालेल, बिस्किटाला नको. पाकीट फोडल्यावर चिमूटभर जिभेवर ठेवून पाहा. खरी असेल तर लगेच तोंडाला पाणी सुटतं. भेसळीची असेल तर आधी गोड लागते आणि टाळूला चिकटते. रंगावरूनही अंदाज येतो. खरी पावडर विटकरीकडे झुकणारी लालसर गुलाबी असते आणि तिच्यात बारीक बिया दिसतात. या बिया दाताखाली कचकचतात, म्हणून मी ती चहाच्या गाळणीने चाळून घेते.

माझं प्रमाण असं: मैदा १५० ग्रॅम, बिनमिठाचं बटर १०० ग्रॅम, पिठीसाखर ५५ ग्रॅम, स्ट्रॉबेरी पावडर १५ ग्रॅम, चिमूटभर मीठ. साखर, बटर, मैदा यांचं जुनं एकास दोन, दोनास तीन हे गणित आहे. पावडर आंबट म्हणून साखर किंचित वाढवली. बटर बोटाने दाबलं की खड्डा पडेल इतपतच मऊ हवं, वितळलेलं नको. साखर त्यात नुसती मिसळायची, फार फेटायची नाही. फेटून हवा भरली की बिस्किटं ट्रेमध्ये पसरतात. मैदा आणि पावडर एकत्र चाळून घाला, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. गोळा जमला की हात थांबवा, मळत बसू नका. गोळ्याची जाड वळकटी करून बटर पेपरात गुंडाळायची, अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवायची आणि बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या चकत्या कापायच्या. ५० ग्रॅमच्या पाकिटात असे तीन घाणे निघतात आणि प्रत्येक घाण्यात सुमारे दीडशे ग्रॅम ताज्या फळाचा ऐवज उतरतो.

यात खायचा सोडा घालायचा नाही. नानकटाईच्या सवयीने हात तिकडे जातो, म्हणून आवर्जून सांगते. स्ट्रॉबेरीचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. आम्लात तो लाल राहतो, अल्कलीत निळसर-करडा पडतो, अगदी लिटमससारखा. परिणाम बघायचा म्हणून मी एका घाण्यात मुद्दाम पाव चमचा सोडा घातला. बिस्किटं राखेच्या रंगाची निघाली आणि आंबटपणाही गेला, कारण सोड्याने आम्लच मारून टाकलं. बटर बिस्किटाला फुगायची गरज नाही. त्याला खुसखुशीतपणा बटरनेच येतो. पुण्याच्या कयानी बेकरीची श्रूजबेरी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना मला कसला भुगा अपेक्षित आहे ते कळेल. या प्रमाणात मी त्याच्या बरीच जवळ जाते.

ओटीजी, म्हणजे विजेवरची छोटी भट्टी, १५० अंशांवर, अठरा ते वीस मिनिटं. एरवी बिस्किटं १८० वर लावतात, पण तेवढ्या आचेत गुलाबी रंग तपकिरी होतो आणि फळाचा वास करपट साखरेखाली दबतो. कडा किंचित सोनेरी दिसल्या की बाहेर काढा. तेव्हा ती मऊच लागतील, ट्रेवरच गार होऊ द्या. घरगुती ओटीजीचं बटण जे तापमान दाखवतं त्यावर विसंबू नका. आत ठेवायचा लहान तापमापक फार महाग नसतो आणि असल्या बिस्किटांना त्याचाच आधार आहे.

चवीबद्दल बोलायचं तर पहिल्या दिवशी बटर पुढे असतं. दुसऱ्या दिवशी आंबटपणा वर येतो आणि मला ती तेव्हाच जास्त आवडतात. घरात लहान मुलांनी ‘जॅमचं बिस्किट’ म्हणून संपवली. माझ्या सासूबाईंना आंबट लागली, त्यांना नानकटाईच हवी होती. दोन्ही मतं मला पटतात.

याच पद्धतीने इतर फळंही करून पाहिली. हापूसची फ्रीझ ड्राइड पावडर मला निराश करून गेली. भाजताना आंब्याचा वास उडतो आणि मागे नुसता गोडवा राहतो. तो आंबा श्रीखंडातच शोभतो. संत्र्याला मात्र पावडरीची गरजच नाही, कारण त्याचा सुवास सालीतल्या तेलात असतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने किसणीवर धड बसत नाही. आख्खं फळ तासभर फ्रीझरमध्ये ठेवलं की कडक होतं आणि फक्त वरचा केशरी भाग अलगद किसता येतो, पांढरा भाग येऊ द्यायचा नाही, तो कडू. तो कीस पिठीसाखरेत बोटांनी चोळायचा, साखर ओलसर केशरी होते. एवढ्यावर उत्तम बिस्किटं होतात, खर्च जवळजवळ शून्य. आणि जांभळाबद्दल एक इशारा: औषधी दुकानांत ‘जांभूळ पावडर’ म्हणून मिळते ती बियांची असते, तुरट-कडवट. बिस्किटासाठी ती घेऊ नका.

आता पावडरीचा खरा दोष. ती हवेतली ओल भयंकर वेगाने ओढते. माझ्या पाकिटाची झिप दुसऱ्यांदा उघडल्यावर नीट बसेना, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात तर उघडं पाकीट ओट्यावर थोडा वेळ राहिलं तरी पावडरीचा गोळा होतो. तो कुटून वापरता येतो, पण ओल आधीच आत गेलेली असते, म्हणून बिस्किटं मऊ पडतात. एवढी किंमत घेताना उत्पादकांनी १५ ग्रॅमच्या तीन वेगळ्या पुड्या द्यायला काय हरकत आहे? तोवर पाकीट फोडल्याबरोबर पावडर घट्ट झाकणाच्या कोरड्या लहान बाटल्यांत वाटून ठेवा, प्रत्येकीत सिलिका जेलची पुडी टाका आणि एका वेळी एकच बाटली उघडा. फ्रीजमध्ये ठेवली असेल तर बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण काढू नका, नाहीतर थंड पावडरीवर दव धरतं. जुलै-ऑगस्टमध्ये मी ही बिस्किटं करायचंच टाळते. दिवाळीच्या फराळात एक डबा यांचा ठेवायचा असेल तर पाकीट ऑक्टोबरमध्ये घ्या, आणि त्यावर पॅकिंगची तारीख ताजी आहे ना, तेवढं पाहा.