ओव्हन करपवत होता, मेकॅनिकने थंड दाखवला, मी 4,449 रुपये मोजले

लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं. लाज वाटते, दुसरं काय. पण नाताळ तोंडावर आलाय, घरोघरी ओव्हन तापणार आणि हे खोटे सर्व्हिस सेंटरवाले तयारच बसलेत.

आम्ही फोंड्याला राहतो. ओट्याखाली बसवलेला ओव्हन 2009 चा. दोनेक महिने नानकटाई खालून करपायची, वरून पांढरी. 180 वर ठेवलेली, नेहमीचंच माप, नेहमीचंच तूप. दोन किलोचा घाणा वाया गेल्यावर कंपनीचं सर्व्हिस सेंटर मोबाइलवर शोधलं. सगळ्यात वर आलेला नंबर लावला. त्यावर बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं असतं, ते वाचा. मी वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी शर्टावर बिल्ला लावलेला मुलगा आला. ओव्हन तापवला, दार सताड उघडलं आणि तापमान मोजायची बंदूक चकचकीत स्टीलच्या ट्रेवर धरली. आकडा आला 128. "देखिए मॅडम, बावन डिग्री कम. थर्मोस्टॅट गया." (थर्मोस्टॅट म्हणजे तापमान बघून कॉइल चालू-बंद करणारा भाग.)

इथेच, अगदी इथेच माझं डोकं चालायला हवं होतं. माझी तक्रार काय, तर करपतंय. तो सांगतो काय, तर ओव्हन थंड आहे. आणि मी मान डोलावली! आकडा लाल अक्षरात चमकत होता ना. आता कळलं की चकचकीत धातूवर ती बंदूक खोटंच बोलते, त्यात दार उघडं. पण एवढं शास्त्र कशाला हवं होतं? करपलेली नानकटाई डब्यात समोर होती.

मग म्हणाला, मेन स्विच बंद करून या. मीटर खाली जिन्याजवळ, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. वर येईपर्यंत तो मागचा पत्रा परत बसवत होता. व्हिजिट 399, थर्मोस्टॅट 2,850, 'कॅलिब्रेशन' 1,200. जीपेवर दिले. बिल मेलवर येईल म्हणाला. (जुना पार्ट मागून घ्या. नाही दिला तर पैसे देऊ नका.)

चौथ्या दिवशी पुन्हा करपलं. फोन बंद.

बाजारातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने पत्रा काढून मला हाक मारली, "ताई, हे बघा." थर्मोस्टॅट जुनाच, वर धुळीचा थर, स्क्रू गंजलेले, त्यांना कोणी हातही लावला नव्हता. दोष कुठे? थर्मोस्टॅटची बारीक तांब्याची नळी आणि तिच्या टोकाची कांडी क्लिपमधून सुटून मागच्या थंड कोपऱ्यात पडली होती. तिला गारच वाटायचं, म्हणून कॉइल चालूच राहायची. क्लिप आणि मजुरी मिळून 190 रुपये.

पोलीस चौकीत गेले. "मॅडम, तुम्ही स्वतः पैसे दिले, माणूस येऊन काम करून गेला, यात फसवणूक कुठली? ग्राहक मंचात जा." काम करून गेला? धूळ बघा म्हटलं, फोटो दाखवले. साहेब जेवायला गेलेत. परत गेले तर साहेब बंदोबस्तावर. बँकेत म्हणाले, पोलिसांचा कागद आणा. पोलीस म्हणाले, बँकेचं स्टेटमेंट आणा. 4,449 रुपयांसाठी चार हेलपाटे, आणि प्रत्येक जण माझ्याकडे असा बघतो जणू मीच ओव्हन चोरलाय. नऊ दिवस असेच गेले. पैसे गेल्याबरोबर 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावायची असते हे मला कोणी सांगितलं नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915, तिथे आता नोंद केलीय.

मेकॅनिक बोलवायच्या आधी ओव्हनचा थर्मामीटर आणा, मला 420 ला मिळाला. मधल्या रॅकवर ठेवा, वीस मिनिटं थांबा, काचेतून वाचा, दार उघडू नका. दहा-पंधरा अंश वरखाली होणारच, कॉइल बंद-चालू होत असते, म्हणून चार-पाच वेळा बघून सरासरी काढा. तोही नसेल तर फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर. साखर 186 च्या आसपास वितळते. 175 वर पंधरा मिनिटांत वितळली तर ओव्हन जास्त तापतोय, 190 वर नाही वितळली तर कमी.

परवा शेजारच्या काकींनी विचारलं, "गो, ओव्हन झाला का बरा? कितीक लागले?"

म्हटलं, एकशे नव्वद.