जमिनीत पुरायची मडकी आणि घरची तंबाखू: दोन हंगामांचा अनुभव

बाबांच्या पाइपसाठी घरच्या अंगणात तंबाखू लावायचं मी ठरवलं तेव्हा मला उन्हाची भीती वाटत होती. आमच्याकडची हवा वाळवंटी आहे, पारा ४३-४४ वर जातो आणि पाऊस जवळजवळ नाहीच. पण तंबाखूला ऊन चालतं. तिला मारतो तो कोरडा वारा. पहिल्या वर्षी पाइपने वरून पाणी देत होते. सकाळी चिंब केलेली माती दुपारी चारला भाकरीसारखी कडक व्हायची. म्हणून दुसऱ्या वर्षी हा सहा मडक्यांचा संच घेतला. भाजलेल्या मातीची, झिलई नसलेली, प्रत्येकी ५ लिटरची मडकी, गळा अरुंद आणि वर प्लॅस्टिकचं झाकण.

मडकं गळ्यापर्यंत पुरायचं आणि पाण्याने भरायचं, इतकंच काम. बाहेरची माती कोरडी पडली की मडक्याच्या भिंतीतून पाणी पाझरतं, माती ओली झाली की पाझर मंदावतो. युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या एका चिनी शेतीग्रंथातही ती सांगितलेली आहे.

आधी तक्रारी. सहापैकी एक मडकं पाझरतच नव्हतं. पाणी भरून रात्रभर ठेवलं, बाकीच्यांचा रंग बाहेरून गडद झाला, हे मात्र तसंच कोरडं ठणठणीत. दुसऱ्याच्या बुडाला बारीक चीर होती. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर ‘वापरलेला माल परत घेत नाही’ असं उत्तर आलं. पाणी भरून पाहिल्याशिवाय पाझर कसा कळणार, याचं उत्तर कुणी दिलं नाही. मला याचा खरोखर राग आला. तुम्ही घेणार असाल तर पुरण्याआधी प्रत्येक मडकं रात्रभर भरून ठेवा आणि सकाळी हात फिरवून बघा. झाकणं तर पहिल्याच महिन्यात उन्हाने वाकली. आता प्रत्येक गळ्यावर चपटा दगड ठेवते. झाकण हवंच, नाहीतर डास होतात. सोबतच्या माहितीपत्रकात गळा जमिनीच्या पातळीला ठेवा असं लिहिलंय, तेही ऐकू नका. वाऱ्याबरोबर वाळू आत जाते. गळा दोन बोटं वर ठेवा आणि उघड्या भागाला चुना फासा.

आता कामाचं. चारही चांगल्या मडक्यांच्या दोन्ही अंगांना, वीतभर अंतरावर एकेक रोप लावलं. तुर्की जातीची, लहान पानांची तंबाखू निवडली, कारण आदल्या वर्षीच्या मोठ्या पानांच्या व्हर्जिनियाच्या कडा करपून गेल्या होत्या. बी धुळीइतकं बारीक असतं, एका ग्रॅममध्ये दहा हजारांवर दाणे. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून ते मातीखाली गाडायचं नाही, नुसतं वर भुरभुरायचं आणि ट्रेला खालून पाणी द्यायचं. सहा-सात आठवड्यांनी रोपं वीतभर झाली की जागेवर लावायची. पहिले पंधरा दिवस मुळं मडक्यापर्यंत पोचलेली नसतात, तेवढे दिवस वरून पाणी द्यावंच लागतं. हे कळायच्या आत माझी दोन रोपं गेली.

त्यानंतर मात्र फरक डोळ्यांना दिसला. भर दुपारी पानं माना टाकायची, पण संध्याकाळपर्यंत सावरायची. खरी खूण पहाटेची: पहाटेही पान लोंबत असेल तर मडकं रिकामं आहे. कडक उन्हात ५ लिटर पाणी दीड दिवसात तळाला जायचं. हंगाम संपल्यावर मी एक मडकं उकरलं. त्याच्या पोटाभोवती मुळांचं पांढरं जाळं असं घट्ट बसलं होतं, जणू कुणी लोकरीची टोपी विणून चढवलीय. ते ओरबाडून काढायला माझा हात धजेना.

पाण्याबद्दल एक सांगते. आमचं बोअरचं पाणी मचूळ आहे. मडक्याच्या गळ्यावर महिनाभरात क्षारांचा पांढरा थर चढतो, छिद्रं बुजतात. हंगामानंतर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवून काथ्याने घासावं लागतं. पण मोठा धोका पानाला आहे. तंबाखू पाण्यातलं क्लोराइड पानात साठवते, आणि असं पान नीट जळत नाही, विझत राहतं. पहिल्या वर्षीचं पान बाबांच्या पाइपमध्ये सारखं विझायचं ते यामुळेच असणार. आता मडक्यांत फक्त साठवलेलं गोड पाणी भरते. पालाश, म्हणजे पोटॅशचं खतसुद्धा म्युरेट ऑफ पोटॅश नव्हे, सल्फेट ऑफ पोटॅशच घालते, कारण म्युरेटमध्ये क्लोराइडच असतं.

कळी दिसली की शेंडा खुडायचा आणि बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतून फुटणारे कोंब, काढत राहायच्या, म्हणजे ताकद पानात उतरते. हातमोजे घाला. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून शरीरात जातं, मळमळतं, गरगरतं. मुलं आणि जनावरं या वाफ्यापासून लांबच हवीत.

या मडक्यांचा सगळ्यात मोठा उपयोग मला पाणी देण्यात झालाच नाही. पहिल्या वर्षी पानं ओसरीत टांगली होती. चार दिवसांत ती हिरवीच्या हिरवी कुरकुरीत झाली, वाळक्या गवताचा वास. तोडलेलं पान काही दिवस जिवंत राहायला लागतं. तेवढ्या वेळात त्यातला हिरवा रंग आणि स्टार्च मोडतो, पान पिवळं आणि मग तपकिरी होतं. आमच्या हवेत ते त्याआधीच मरतं आणि हिरवेपणा आत कोंडला जातो. दुसऱ्या वर्षी जुन्या लाकडी कपाटात दोऱ्यांवर पानं टांगली आणि तळाशी दोन मडकी उघडी भरून ठेवली, त्यांच्याभोवती ओली पोती. आर्द्रतामापक बाहेर १८ टक्के दाखवत होता, कपाटात ६५ च्या आसपास. काटा ८० कडे गेला की दार उघडायचं, नाहीतर शिरेवर बुरशी धरते. दोनदा धरलीही, ती पानं फेकली. सहा आठवड्यांनी मधली शीर काडीसारखी कट्कन मोडली, म्हणजे पान तयार.

बाबांनी एक पान हातात घेतलं, बोटांत चुरलं नाही, नुसतं दुमडलं आणि नाकाशी नेलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पुढच्या वर्षी रोपं वाढव.”

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा त्या दोन मडक्यांचा आणि त्या उत्तराचा कापला. या हंगामात आणखी चार मडकी घेणार आहे, पण समोर पाणी भरून दाखवतील अशाच ठिकाणाहून. त्यातली दोन सरळ कपाटात जातील.